थरार कसला? डिझेल संपलं होतं!

पेपरात ‘थरार’ हा शब्द दिसला की आमचे शेजारी सकपाळ हवालदार चहाचा कप बशीत आपटतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पोलादपुरात माझं वह्यापुस्तकांचं दुकान उघडलं की पेपर आधी त्यांनाच लागतो. वाचायला नाही, भांडायला.

“टोळीच्या मुसक्या आवळल्या म्हणं! बैल हायत काय ते? आन् ह्ये बघ, ‘फिल्मी पाठलाग’! आमची जीप ढकलल्याबिगर चालू होत नव्हती रे!”

या रागाचं मूळ आंबेनळी घाटात आहे. तिथं गाड्या अडवून लुटणारी एक टोळी त्यांनी स्वतः पकडली होती. पेपरात आलं, ‘मध्यरात्री घाटात थरार, जिवावर उदार होऊन झडप’.

“भर दुपार होती,” हवालदार सांगतात. “टोळीच्या टेम्पोचं डिझेल संपलेलं. चौघं कठड्यावर बसलेले. त्यांनीच हात करून आमची जीप थांबवली. ताडपत्री उचलली तर खाली सगळा लुटीचा माल! जीपमंदी बसवताना एकजण तर थँक्यू म्हणाला मला.”

इथपर्यंत आम्ही हसतो. हवालदार हसत नाहीत.

कारण त्या चौघांतला विलास नुसता ड्रायव्हर होता, कुडपण गावचा. आदल्या दिवशी भाड्यानं बोलावलेला. माल कुणाचा, त्याला पत्ता नव्हता. पण फोटोत तो मधोमध उभा राहिला, म्हणून छापून आलं, ‘कुख्यात म्होरक्या’. टीव्हीवर त्याच्या तोंडाभोवती लाल गोल फिरला. पुढे हवालदारांनीच कोर्टात खरं सांगितलं आणि तो निर्दोष सुटला. त्यावर एक ओळ आली नाही.

ती बातमी देणाऱ्या बातमीदाराला हवालदारांनी माझ्या दुकानासमोरच गाठलं.

“फोटो पयल्या पानावर छापलास. सुटका कितव्या पानावर हाय?”

“हवालदार, सुटल्याची बातमी कोण वाचतो?”

“त्याची आई वाचंल!”

एवढ्या मोठ्यानं ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. बातमीदार मोबाइल कानाला लावून निघून गेला.

गेल्या सोमवारी मी माल आणायला महाडला गेलो होतो. चवदार तळ्याजवळ किराणा दुकानापुढे विलासचा टेम्पो उभा होता. दुकानदार त्याच्याकडे बघून गोण्या द्यायला कचरत होता. तेवढ्यात पुढच्या सीटवरून हवालदार उतरले.

“ह्याला मी पकडला होता ना? मग मीच सांगतो, भला माणूस हाय. भर माल.”

गोण्या चढल्या. मी विचारलं, “हवालदार, तुम्ही रोज याच्याबरोबर फिरता?”

“घरी बसून तरी काय करू?” म्हणत ते परत वर चढले आणि खिशातून लिंबू काढून नाकाला लावलं.

“घाटात गाडी लागते त्यांना,” विलास हळूच मला म्हणाला. “नको म्हटलं तरी येतात.”

मग त्यानं त्यांच्या बाजूची काच खाली केली आणि टेम्पो अगदी सावकाश काढला.