चौथ्या खड्ड्याचं निदान

सोमवारपासून तिला पुन्हा कामावर रुजू व्हायचं होतं, आणि गाडी होती की खोदलेल्या रस्त्यावर मान टाकत होती. घर रस्त्याच्या या टोकाला, पाळणाघर त्या टोकाला, आणि मधल्या दीड किलोमीटरला रस्ता म्हणणं हा निव्वळ मनाचा मोठेपणा. खड्डा आला, गाडी उडाली, की इंजिन गप्प. मग पाळणाघराची सवय व्हावी म्हणून आतापासूनच नेली जाणारी दहा महिन्यांची ठमी मागच्या सीटवर जागी व्हायची आणि पुढची दहा मिनिटं मागच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा कुणाला ऐकू यायचा नाही.

नवऱ्याकडे निदान तयार होतं. "क्लच हळू सोडत जा," तो पोळी मोडता मोडता म्हणायचा. त्याच्या हातात गाडी एकदाही बंद पडली नव्हती. सासऱ्यांचा संशय पेट्रोलवर होता, पण ते तिला दोष तरी देत नव्हते. शुक्रवारी नवऱ्याने आणखी एक वाक्य जोडलं. "नाहीच जमलं तर ठमीला मी सोडेन. तू आपली बसने जा." हे तिला खड्ड्यापेक्षा जास्त लागलं.

तिने वही घातली होती. तारीख, वेळ, गिअर, ठमीची अवस्था. 'चौथा खड्डा, दुसरा गिअर, ठमी झोपलेली होती, आता नाही.' नोंदी आधी आठवड्याला एक होत्या, मग रोज एक, आणि आता जाताना एक, येताना एक.

शिवाय प्रत्येक वेळी ती काहीतरी शिकत होती. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मदतीला कुणाला बोलवायची वेळ आलीच तर म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यात शिट्टी अडकवली. दुसऱ्यांदा टॉर्च. तिसऱ्यांदा काच फोडायची छोटी हातोडी. चौथ्यांदा ठमीचा खुळखुळा. घराच्या, कपाटाच्या आणि ऑफिसच्या किल्ल्या त्यात आधीपासून होत्याच. जुडगं पर्समध्ये मावेनासं झालं, पण वेळ काय सांगून येते?

मेकॅनिककडे तीन फेऱ्या झाल्या. त्याने वायरी हलवून पाहिल्या, बॅटरीची टोकं घासली, पेट्रोलची नळी फुंकली आणि तिन्ही वेळा त्याच रस्त्यावर चक्कर मारून गाणं गुणगुणत परत आला. गाडी ठणठणीत आहे म्हणाला. तिसऱ्या वेळी त्याने फार अदबीने विचारलं, "ताई, क्लच तुम्ही..."

"क्लचचं नाव काढू नका."

परक्या माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून दर वेळी ती जुडग्यातून गाडीची किल्ली तेवढी सोडवून त्याला द्यायची. त्यात दोन नखं तुटली होती.

शनिवारी मात्र तिने त्याला शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी स्वतः चालवली. तो डॅशबोर्डला कान लावून बसला. एक खड्डा, दोन, तीन. चौथ्याला गाडी उडाली, जुडगं उडून खाली आदळलं आणि इंजिन गप्प. मेकॅनिकने बॉनेटकडे पाहिलंच नाही. तो तिच्या गुडघ्याजवळ लोंबणाऱ्या ऐवजाकडे बघत होता.

"ताई, हे काय आहे?"

"किल्ल्या."

त्याने जुडगं तान्ह्या बाळासारखं तळहातावर घेतलं आणि म्हणाला, चला आता. पुढचे नऊ खड्डे गाडी शहाण्यासारखी चालली. दहाव्याला त्याने हात काढला. इंजिन गप्प.

"किल्लीचं कुलूप झिजलंय. धक्का बसला की हे वजन किल्ली फिरवतं. गाडीला वाटतं, तुम्हीच बंद केली."

"म्हणजे मी शिट्टी लावली म्हणून?"

"शिट्टीपर्यंत कुलपाने कसंबसं निभावलं असेल," तो विचार करून म्हणाला. "हातोडीपुढे त्याचा इलाज नव्हता."

नवीन कुलूप मंगळवारी येणार होतं. तोवर गाडीची किल्ली एकटी वापरायची, बस्स.

रविवारी नवरा म्हणाला, चल, खड्ड्यातून गाडी कशी काढतात ते दाखवतो. ठमीला आजोबांकडे ठेवून दोघं निघाले. त्याची सुटी किल्ली कुठे सापडेना, तेव्हा तिने आपलं जुडगं पुढे केलं. कालपासून सोडवायची राहूनच गेली होती, गाडीची किल्ली.

चौथ्या खड्ड्याला गाडी बंद पडली. सहाव्याला पडली. सातव्याला त्याने पेट्रोलचा काटा पाहिला, आरसा पाहिला, आणि शेवटी तिच्याकडे पाहिलं. मागे ट्रक ओरडत होता.

"क्लच हळू सोडत जा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

त्याने गाडी पुन्हा सुरू केली. मग म्हणाला, "उद्या ठमीला तूच सोड. तुला या गाडीची सवय आहे."

तिने हात पुढे करून जुडगं अलगद तळहातावर तोलून धरलं. धीर द्यायला हात जवळ आणला असेल, असं समजून तो थोडासा हसला. घर येईपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही.