लायसन्स सापडत नाही

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रतिलालने कॉम्प्युटर सुरू केला, तर ड्रॉइंग उघडण्याऐवजी पडद्यावर एक इंग्रजी चौकट आली: 'लायसन्स सापडत नाही. आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.' रतिलालने चौकट घालवली. ती परत आली. शेजारच्या टेबलावर जुने ड्राफ्ट्समन तोतारामनाना, त्यांच्या पडद्यावरही तीच.

"प्रशासक म्हणजे नगरपालिका बरखास्त झाल्यावर सरकार नेमतं, तो का रे?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. नेटवर्क ज्याच्या ताब्यात असतं, तो. म्हणजे आपले साहेब."

त्यामुळे दहा वाजता लीलाधर भंगाळे ऑफिसात शिरला, तेव्हा दोघांनी उभं राहून त्याच्याशी संपर्क साधला.

लीलाधरने आधी घड्याळ पाहिलं. त्याला कारण कॉम्प्युटर नव्हता, सासरा होता. चुडामणआबा पहूरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग सोसायटीचे चेअरमन. लीलाधरने बांधकाम खात्यातली नोकरी सोडून जळगावात हे डिझाईनचं ऑफिस थाटलं, तेव्हापासून आबांचा चेहरा उतरलेला. "पोरगी दिली सरकारी इंजिनिअरले, आन् जावई निंघाला रेघा विकनारा," असं ते लग्नकार्यात चारचौघांत म्हणायचे. आता सोसायटी नवी जिनिंग बांधणार होती आणि आबांनी मोठ्या मनाने जावयाला संधी दिली होती. आज दुपारी चारला सभा. चार ड्रॉइंगं टेबलावर पाहिजेत. नाशिकच्या पार्टीने आपले कागद कधीच देऊन ठेवले होते. "जावई म्हनून मी हात वर करनार नाही," हेही आबांनी बजावलं होतं.

ड्रॉइंगं तयार होती. फक्त कागदावर काढायची बाकी होती. तीही दसऱ्याआधीच काढता आली असती, पण नव्या जिनिंगचा पहिला कागद पूजा झाल्यावरच काढावा, असं लीलाधरच्या मनाने घेतलं होतं.

ऑफिसात तीन कॉम्प्युटर एका वायरने जोडलेले होते. तिघांत मिळून एक सॉफ्टवेअर आणि ते चालवायची परवानगी काडेपेटीएवढ्या एका काळ्या डबीत. तिला लॉक म्हणत. ती मोठ्या कॉम्प्युटरच्या पाठीला चिकटलेली असे आणि प्रिंटरची वायर तिच्यातून जात असे. आल्यागेल्याला ही डबी दाखवल्याशिवाय लीलाधर चहा पाजत नसे. गणपतीत आबा आले, तेव्हा त्यांनाही दाखवली होती. "आबा, कागदाच्या गुंडाळ्यांचे दिवस गेले. अख्खं ऑफिस ह्या डबीत आहे. ही नसली तर इथं एक रेघ उठायची नाही."

"आन् चोरानं नेली त?" आबांनी विचारलं होतं. त्यावर लीलाधर नुसता हसला होता.

आता त्याने पुण्याला फोन लावला. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडचे देवस्थळी नावाचे इंजिनिअर फोनवर आले.

"लॉक जागेवर आहे का, ते बघा आधी."

लीलाधरने फोनवर हात ठेवला. "रतिलाल, लॉक जागेवर आहे ना?"

"नाना, लॉक आहे ना?" रतिलालने विचारलं.

"असणारच की. जाईल कुठं?"

"आहे साहेब."

"आहे," लीलाधरने पुण्याला कळवलं.

आपल्याकडे विचारणाऱ्याने 'ना' लावला की उत्तर ठरलेलं असतं. त्यानंतर वाकून बघणं म्हणजे विचारणाऱ्यावर अविश्वास दाखवणं. शिवाय मोठा कॉम्प्युटर भिंतीला टेकवलेला होता, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि माळेवर बेबाबाईचा पहारा होता. झाडलोट, चहापाणी आणि देवधर्म ही ऑफिसातली तिन्ही खाती बेबाबाई सांभाळायची. माहेर, सासर दोन्ही धुळ्याचं. जळगावात येऊन पंधरा वर्षं झाली, पण बोली काही वाटेतल्या पारोळ्याच्या अलीकडे आली नव्हती.

"मशीन हलवानं नही, भाऊ. पाच दिन पूजा ऱ्हास," तिने झाडू आडवा धरून सांगितलं.

"प्रिंटर चालतो का?" पुण्याहून प्रश्न आला. रतिलालने तपासणीचा कागद काढून पाहिला. खटखट करत एबीसीडी उमटली.

"मग लॉक शंभर टक्के ठीक आहे," देवस्थळी म्हणाले. "प्रिंटरची वायर लॉकमधूनच जाते ना? तुमच्या नेटवर्कची वायर बघा."

मग वायर बघणं सुरू झालं. वायरीच्या दोन्ही टोकांना टोपणं होती. ती नानांनी काढली, धोतराला... म्हणजे पँटलाच, पण धोतराच्या सवयीने, पुसली आणि परत बसवली. त्यानंतर तिन्ही कॉम्प्युटरांनी एकमेकांना ओळख दाखवायचंच सोडलं. टोपणांची अदलाबदल केली, तेव्हा दोन कॉम्प्युटरांचं पुन्हा जुळलं. तिसरा रुसूनच बसला. तो तासाभराने आपण होऊन आला. पण चौकट होती तिथेच होती.

साडेबारा वाजले. "सॉफ्टवेअर बिघडलंय," देवस्थळींनी निदान केलं. "काढून टाका आणि नव्याने घाला."

रतिलाल याचीच वाट बघत होता. त्याने नाशिकला सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्यात शेवटचा धडा हाच होता. त्याने दोन मिनिटांत सॉफ्टवेअर मुळासकट उपटलं. नव्याने घालायला चौदा फ्लॉप्या होत्या. पहिल्या दहा सुरळीत गेल्या. अकरावी आत सारली आणि आतून दळण अडकलेल्या गिरणीसारखा आवाज आला. रतिलालने ती बाहेर काढली, पत्र्याची झडप सरकवली. आतली चकती लालभडक.

त्याने बोट लावून वास घेतला. "साहेब, कुंकू आहे."

"बेबाबाई!" लीलाधर ओरडला.

बेबाबाई शांतपणे आली. "कुंकू लावं नही, त मंग पूजा कशी व्हई?"

"अहो, पण आत? आतून कुंकू?"

"वरतीन लावं व्हतं. हाई झडप उघडी व्हती, तठेबी लाई दिनं. देवले मुखडामा कुंकू लावतस."

"आणखी कशाकशाला लावलंत?" लीलाधरने कपाळ धरून विचारलं.

बेबाबाई मोजू लागली. "टी-स्क्वेअरले लावं. पट्टीले लावं. फोनले लावं. ह्या बठ्ठ्या चकत्यासले लावं. आनि त्या काया डबाले."

"कोणत्या काळ्या डबीला?"

"मशीनमांगेना. तुमीनच त बठ्ठासले सांगतस, ऑफिसना जीव त्यामा शे म्हनीसन. जीवनी पूजा नको?"

 मग नाना उठले, पाच दिवसांची पूजा न मोडता माळेखालून हात घालून त्यांनी मशीनच्या पाठीवरून फिरवला आणि रिकामाच बाहेर काढला.

"तुम्ही ती काढलीत कशी?" लीलाधरने विचारलं.

"वढी. निंघी गई. मांगे वायर लोंबे, ती तशीच मशीनमा खुपशी दिनी. उघडं बरं नही दिखत."

म्हणजे प्रिंटर चालत होता तो लॉकमुळे नव्हे, बेबाबाईच्या टापटिपीमुळे.

"मग डबी आता कुठे आहे?"

"माले काय इचारतस? पाटवर ठेवी व्हती, सोनाना ढीगमा. तो ढीग तुमीनच लई ग्यात."

लीलाधरला आठवलं. काल संध्याकाळी पाटावरची आपट्याची पानं त्याने स्वतः पिशवीत भरली होती. पहूरला जाऊन साऱ्या गल्लीला त्याने दोन दोन पानं वाटली आणि सासऱ्याला खूश करावं म्हणून उरलेली पिशवी त्यांच्या ओंजळीत रिकामी केली. "सोनं घ्या आबा, सोन्यासारखे राहा!" ओंजळ जरा जड लागली असेलही, पण आबा तेव्हा काही बोलले नव्हते.

त्याने पहूरला फोन लावला. सासूबाई झुंबरबाईंनी उचलला.

"ते त कवाच सोसायटीत गेले. तुम्ही देलेलं सोनं खिशात घालून गेले. सकायपासून एकटेच हसून राह्यले."

लीलाधरने फोन ठेवला. बारा वर्षांत त्याने आबांना हसताना पाहिलं नव्हतं. आपली फजिती सभेपुढे मांडायची, एवढंच त्या हसण्याचं कारण असू शकत होतं. तीन वाजत आले होते. त्याने स्कूटर काढली. नेरीजवळ कापसाचा ट्रक आडवा होऊन रस्ता अडला होता, तिथे वीस मिनिटं गेली. पहूरला पोहोचला तेव्हा साडेचार होऊन गेले होते आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पेढे वाटणं चाललं होतं. नाशिकवाल्यांचे असणार, असं त्याने धरलं.

"या जावईबापू!" आबांनी उठून त्याला मिठीच मारली. "झालं तुमचं काम. एकमतानं पास!"

"काय पास?"

"डिझाईन. दुसरं काय? काल सोन्यात तुमची डबी निंघाली, मी लगेच ओयखली. म्हटलं, वा रे गडी! बाकीचे कागदाचे भारे नाचवतात, आन् ह्यानं सगयी जिनिंग एवढ्याशा डबीत घालून गुपचूप सासऱ्याच्या हातात देली."

व्हाइस चेअरमन उखर्डू पाटील पुढे सरकले. "मी इचारलं बरं का, आतलं दिसत कसं नाही म्हनून. आबा म्हने, दिसत नाही म्हनूनच पक्कं आहे. कागदावर कोनीबी खाडाखोड करीन. याच्यात कोन करीन?"

"त्या नाशिकवाल्याले मी इचारलं, तुह्याजोय आहे का अशी डबी?" आबा म्हणाले. "नाही म्हने. मंग बस खाली म्हटलं."

लीलाधरने हात पुढे केला. "आबा, ती डबी जरा मला..."

"तिजोरीत आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी इतिवृत्ताचं पान समोर धरलं. लाखेची मोहर लावून डबी बंद केली होती. इमारत पूर्ण होईपर्यंत ती तिजोरीत राहील आणि त्याआधी काढायची झाल्यास सात दिवसांची नोटीस देऊन सभा बोलवावी, असा ठराव होता. खाली अकरा सह्या आणि दोन अंगठे.

"गनपतीत तुम्हाले इचारलं होतं, चोरानं नेली त? तुम्ही हसले होते," आबा म्हणाले. "आता नेऊन दाखवा म्हना चोराले!"

खरं सांगायचं, असं ठरवून लीलाधरने तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी त्याचा हात धरला.

"लोकं आपट्याचं पान देतात आन् सोनं म्हनतात. तुम्ही मले खरंच सोनं देलं. मी तुमच्या मांगे लय वाईट बोललो, जावईबापू. आज सगयांसमोर सांगतो, माह्यी पोरगी बरोबर घरात पडली."

आबांचे डोळे भरून आले होते. लीलाधरचेही भरून आले, फक्त त्याची कारणं दोन होती. त्याने उघडलेलं तोंड पेढा घालून बंद केलं.

"बांधकामाले कागद त लागतीनच," आबा म्हणाले. "सोमवारी पाया आहे. तवालोक काढून आना, काही घाई नाही."

दुसऱ्या दिवशी तोतारामनानांनी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड उतरवला. कॉम्प्युटर आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. रतिलालला पेन्सिलीला टोक काढायचं काम मिळालं आणि ते त्याच्या कोर्समध्ये नव्हतं. आदल्या दिवशीच रतिलालने पुण्याला सगळं कळवलं होतं; दुपारी तिकडून फोन आला.

"भंगाळेसाहेब, अकरावी फ्लॉपी कुरियरने टाकली आहे. लॉक मिळालं का?"

"मिळालं. तिजोरीत आहे."

"मग काढून लावा की!"

"सात दिवसांची नोटीस देऊन सभा बोलवावी लागते. आणि सभेला कारण सांगावं लागतं."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "असा प्रॉब्लेम आमच्या पुस्तकात दिलेला नाही हो," शेवटी देवस्थळी म्हणाले.

"तुमच्या पुस्तकात सासरे नाहीत," लीलाधर म्हणाला आणि बाह्या सरसावून बोर्डाकडे गेला.

तीन दिवस तिघांनी हातानेच रेघा ओढल्या. टी-स्क्वेअरवरचं कुंकू पुसायला बेबाबाईने सक्त मनाई केली होती, त्यामुळे पहिल्या कागदाच्या कडेला एक लाल फराटा उमटला. सोमवारी पहूरला पायाच्या खड्ड्यापाशी आबांनी तो कागद उलगडला, लाल फराटा कपाळाला लावला आणि मग चष्म्यातून बराच वेळ रेघा न्याहाळल्या. एका कोपऱ्यात नानांची पेन्सिल घसरली होती, तिथे त्यांचं बोट जरा थांबलं.

"हे त्या डबीतूनच निंघालं ना, जावईबापू?"

"हो आबा," लीलाधर म्हणाला.