कुसुमावतीबाईंची मूठ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही शाळेतून घरी आला आहात. भूक अशी लागली आहे, की दप्तरसुद्धा जड वाटतंय. ताट वाढलेलं आहे. गरम भातावर तूप वितळतंय. तुम्ही हात पुढं करता, तेवढ्यात खुर्चीवर उभा असलेला एक माणूस ओरडतो, "थांब! हात नको लावू! सावली पडून राहिली!" तो माणूस म्हणजे तुमचे बाबा. ते ताटाचा फोटो काढताहेत. भात निवतो, तूप गोठतं, तरी फोटो काही मनासारखा येत नाही.

आता डोळे उघडा. तुमचं हे एकदाच झालं. सुरुचीचं रोज, दोन्ही वेळा व्हायचं.

सुरुची नऊ वर्षांची. तिचा बाबा भूपेश पराते हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. खिळा असो की पिंप, मोजल्याशिवाय काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. कारखान्यातून घरी आला, की तो ब्लॉगर व्हायचा. ब्लॉग म्हणजे काय, तर आपण काय खाल्लं आणि ते कसं करायचं, हे सगळ्यांना दिसावं म्हणून इंटरनेटवर उघडी ठेवलेली वही. भूपेशच्या वहीचं नाव होतं 'आज काय शिजलं?' सहा वर्षं तो ती भरत होता. वाचणारे होते बासष्ट. त्यातले वीस नातेवाईक, आणि नातेवाईक वाचत नाहीत, हे भूपेशला चांगलं ठाऊक होतं.

"तुमी फोटोच काढत राहा," त्याची बायको धनश्री म्हणायची. "जेवाले आमी आहोच."

अशा घरात उमरेडहून भूपेशच्या सासूबाई आल्या. त्यांचं नाव कुसुमावतीबाई. त्यांचे धाकटे भाऊ रुपराव नागपुरातच राहायचे आणि रुपरावांच्या मुलीचं, चारुशीलाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. त्यांच्या गोतात लग्नाला पाटोडीचा रस्सा लागतोच. बेसनाच्या वड्या आणि वर नाकातोंडातून धूर काढणारा झणझणीत रस्सा. त्या रश्श्याच्या कढईत तिखटाची शेवटची मूठ टाकायचा मान कुसुमावतीबाईंचा. तीस वर्षं तो त्यांच्याकडेच होता. त्यांची मूठ पडली, की आचारी झाकण घालायचा आणि पंगतीत कुणी रश्श्याला नावं ठेवायचं नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. जावयाशी त्या समोरासमोर बोलत नसत. जावयाचा मान मोठा, त्याच्याशी तोंड वर करून कसं बोलायचं? त्यामुळं दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर असले, तरी निरोप सुरुचीमार्फत जायचे.

"सुरुची, आजीले विचार, रश्श्यात तिखट किती टाकायचं?" भूपेशनं एके दिवशी विचारलं. ब्लॉगवर लिहायला त्याच्याकडं काही उरलं नव्हतं.

"आजी, बाबा विचारून राहिले, तिखट किती?"

आजी शेजारीच मेथी निवडत होत्या. "जवाईबापूले सांग, चौघाईले एक मूठ."

"बाबा, एक मूठ."

"ऐकलं वं मी," भूपेश म्हणाला आणि त्यानं लिहून टाकलं.

मथळा दिला, 'उमरेडच्या कुसुमावतीबाईंचा अस्सल पाटोडी रस्सा'. सासूबाई खूश होतील, असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका वाचकानं खाली विचारलं, 'मूठ म्हणजे किती ग्रॅम?'

आता हा प्रश्न एखाद्या कवीला विचारला असता, तर तो हसून पुढं गेला असता. पण भूपेश स्टोअरकीपर. त्याला स्वतःचीच लाज वाटली. मोजमाप न देता माल बाहेर गेला! त्यानं काटा काढला, तिखटाच्या डब्यात हात घातला, मूठ भरली आणि वजन केलं. पासष्ट ग्रॅम. तोच आकडा त्यानं लेखात भरला. भूपेशचा हात कसा, तर केळ्याची फणी. कुसुमावतीबाईंचा हात सुरुचीच्या हातापेक्षा बोटभर मोठा असेल-नसेल. भूपेशनं वजन तीनदा तपासलं. हात कुणाचा, ते एकदाही तपासलं नाही.

आणि नेमका हाच लेख चालला. शनिवारपर्यंत चार हजार लोकांनी वाचला. भूपेश आनंदानं घरभर फिरत होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो फोटो न काढता जेवला.

रविवारी दुपारी रुपराव आले. चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"ताई, तुह्या रश्श्यानं व्याह्यांच्या घरी हाहाकार झाला."

"माह्या रश्श्यानं? मी तं त्याईच्या घरी पायसुद्धा नाई ठेवला अजून."

"शालिकरामजींनी इंटरनेटवर पाहून केला. म्हणे, पोरीकडच्यांचा रस्सा आधीच चाखून पाहू." शालिकरामजी म्हणजे नवरदेवाचे वडील, सदरला राहणारे. "पहिल्या घासाले सगळे चूप झाले. दुसरा घास कोनी घेतलाच नाई. नवरदेवाच्या काकाले उचकी लागली, ते सकाळी अकरा वाजल्यापासून देऊन राहिला उचक्या. हे पाय, तुहं नाव! पासष्ट ग्रॅम!"

रुपरावांनी मोबाईल पुढं केला. कुसुमावतीबाईंनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला.

"ते म्हणतात," रुपराव मान खाली घालून म्हणाले, "त्या बाईले कढईजवळ येऊ देऊ नका. मुलीचं लग्न आहे, ताई. मी काय बोलू? यंदा मूठ आचाऱ्यालेच टाकू दे."

तीस वर्षांचा मान दारातून आलेल्या एका वाक्यानं गेला होता. कुसुमावतीबाई रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. समोर जावई होता ना.

"सुरुची," त्या शांतपणे म्हणाल्या, "जवाईबापूले म्हन, देवानं त्याईले हात लय मोठे देले. आनंद आहे."

"बाबा, आजी म्हणते..."

"ऐकलं."

"आनंद आहे, हे पण ऐकलं का?"

भूपेश दुसऱ्या खोलीत गेला आणि भिंतीला डोकं टेकून बसला. पण ब्लॉगरला फार वेळ असं बसता येत नाही. चूक झाली, तर दुरुस्त करता येते, हीच तर त्या वहीची गंमत. त्यानं पासष्टचे बत्तीस केले. मग वाटलं, ज्यांनी आधी वाचलं, त्यांना कसं कळणार? म्हणून वर मोठ्या अक्षरांत सूचना टाकली, 'तिखट चुकून जास्त लिहिलं गेलं आहे. कृपया अर्धं घ्या.' इकडं स्वयंपाकघरात धनश्रीला आईकडं बघवत नव्हतं. नवऱ्याचा पासवर्ड तिला माहीत होता, सुरुचीची जन्मतारीख. तिनं कुणाला न सांगता बत्तीसचे सोळा केले.

मुलांनो, इथं थोडं गणित करू. सोळा ग्रॅम लिहिलेलं, आणि वर सूचना, अर्धं घ्या. किती राहिलं? आठ. चार माणसांना आठ ग्रॅम. आजारी माणसालासुद्धा नागपुरात कुणी असा रस्सा देत नाही.

रुपरावांनी व्याह्यांचे पाय धरले, "दुरुस्ती झाली आहे, एकदा पाहाच." शालिकरामजी मनानं चांगले. मंगळवारी त्यांनी पुन्हा रस्सा केला. संध्याकाळी त्यांचा फोन थेट भूपेशला आला.

"पराते बोलून राहिले का?"

"हो जी."

"पहिल्या वेळी तुमी आमाले मारलं. ते मी माफ केलं. तिखट माफ करता येते. पन हे काय आहे? माह्या आईनं वाटी तोंडाले लावली आन विचारलं, कोनाले ताप आला घरात? फिक्का रस्सा कोन माफ करन गा?"

भूपेशनं घाईनं वही उघडून सोळा पाहिले, आणि धनश्रीनं मान खाली घातली. "जी, ते दोघांनी अर्धं..."

"पोरीकडच्यांनी आमाले दवाखान्यातले पेशंट समजलं का? ते बाई कढईजवळच काय, मंडपात तरी काहून पाहिजे?"

आता मान तर सोडाच, भाचीच्या लग्नाला जायचीही पंचाईत झाली. कुसुमावतीबाईंनी पिशवी काढली आणि एकेक लुगडं घडी करून तिच्यात ठेवायला लागल्या.

"सुरुची, जवाईबापूले विचार, उमरेडची बस किती वाजता आहे?"

"सुरुची, आजीले म्हन, मी पाया पडतो. परवापर्यंत थांबा म्हणावं."

"आजी, बाबा पाया पडून राहिले."

"दिसून राहिलं मले," आजी म्हणाल्या. पण पिशवीची चेन त्यांनी लावली नाही.

भूपेशनं शेवटचा उपाय काढला. गुरुवारी संध्याकाळी त्यानं कुसुमावतीबाईंना ओट्यापाशी उभं केलं, समोर काटा ठेवला आणि मोबाईलवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. खरा हात, खरी मूठ, खरं वजन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बघायला बाराशे लोक जमले. त्यात शालिकरामजी आणि रुपरावही होते.

कुसुमावतीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मूठ भरली, काट्यावर सोडली. चोवीस ग्रॅम. भूपेशचा जीव भांड्यात पडला.

"खात्री करून घेऊ. सुरुची, आजीले म्हन, आणखी एकदा."

दुसरी मूठ, एकतीस.

"सुरुची, म्हणावं, पहिल्यासारखीच भरा."

तिसरी, एकोणीस.

मोबाईलवर प्रश्नांचा पूर आला. 'नक्की आकडा काय?' 'तीनपैकी खरी मूठ कोणती?' 'यांना तरी येतो का रस्सा?'

"आजीले विचार," भूपेशचा आवाज चिरकला, "तिन्ही वेगवेगळ्या काहून?"

"त्यात काय विचारायचं?" आजी सुरुचीकडं बघत म्हणाल्या. "पहिली आपली घरची मूठ. दुसऱ्या वेळी माह्या मनात चारुशीलाच्या लग्नाची पंगत आली, तं हात भरला. तिसऱ्या वेळी तू समोर उभी दिसली. तुले तिखट सोसते का? खानारा पाहून मूठ बंद होते बाप्पा. काटा पाहून कसी होईन?"

भूपेश खाली बसला. मोबाईल तसाच चालू होता. त्यानं त्या काचेकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं.

"आकडा नाही जी," तो म्हणाला. "माह्याजवळ आकडा नाही. सहा वर्षांपासून मी तुमाले चव लिहून सांगून राहिलो, आन मले स्वतःले चव मालूम नाही. ताट गरम असते, तवा मी खुर्चीवर उभा असतो. खाली उतरतो, तवा सगळं थंडं. निवलेला रस्सा खायचा आन 'झणझणीत' लिहायचं. माह्या ब्लॉगवरच्या एकाही पदार्थावर भरवसा ठेवू नका."

आणि त्यानं मोबाईल बंद केला. सहा वर्षांची वही त्यानं स्वतःच्या हातानं बुडवली होती.

सकाळी रुपराव पुन्हा आले. या वेळी चप्पल काढून आत आले.

"ताई, व्याह्यांचा फोन होता. म्हणतात, तिसरी मूठ भरताना बाईनं पोरीकडं पाहिलं, काट्याकडं नाई. अशी बाई कढईजवळ नसन, तं आमी पंगतीले बसनार नाई."

कुसुमावतीबाईंनी पिशवीतून नवीन लुगडं बाहेर काढलं.

"पन एक अट आहे," रुपराव भूपेशकडं वळले. "जवाई, तुमचा मोबाईल लग्न होईपर्यंत माह्या खिशात राहीन. आन तुमी कढईपासून दूर."

"ब्लॉग तसाही संपला," भूपेश म्हणाला.

तो संपला नव्हता. 'भरवसा ठेवू नका' हे सांगणारा तो व्हिडिओ नऊ हजार लोकांनी पाहिला होता, आणि ते भूपेशच्या जुन्या सगळ्या लेखांखाली जाऊन विचारत होते, 'हेही खोटंच का?' सहा वर्षं वाट पाहिली, ते वाचक असे आले.

लग्नाच्या दिवशी कढई मंडपाच्या एका टोकाला आणि भूपेशची खुर्ची दुसऱ्या टोकाला होती. लांबून त्याला एवढंच दिसलं, की सासूबाईंनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली, मूठ भरली आणि सोडली. आचाऱ्यानं झाकण घातलं. शालिकरामजींच्या आईनं दोनदा रस्सा मागून घेतला. भूपेशच्या खिशात मोबाईल नव्हता. हातांचं काय करावं, हे त्याला सुचत नव्हतं.

थोड्या वेळानं सुरुचीचं बोट धरून कुसुमावतीबाई त्याच्याकडं येताना दिसल्या. दुसऱ्या हातात ताट होतं. भात, पाटोड्या, आणि वर कढईतून नुकताच काढलेला रस्सा. ताट त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, आणि तोंड दुसरीकडं करून म्हणाल्या, "सुरुची, जवाईबापूले विचार, मूठ कशी पडली?"

भूपेशनं घास घेतला. गरम होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर घाम आला. एवढं लिहिलेल्या माणसाला एक शब्द सापडेना.

"सुरुची," अखेर तो म्हणाला, "आजीले सांग..."

आजी थांबल्या. बाबा थांबला. दोघांनीही सुरुचीकडं पाहिलं.

सुरुचीनं एकदा आजीकडं पाहिलं, एकदा बाबाकडं. मग तिनं ते ताट उचलून मांडीवर घेतलं, दोघांकडं पाठ केली, आणि कुणालाच उत्तर देता येणार नाही, एवढा मोठा घास तोंडात भरला.