सहा कपांचा सेट

मला इंग्रजी येत नाही असं माझी बायको चारचौघांत सांगते. ते साफ खोटं आहे. मला इंग्रजीतला एक शब्द उत्तम येतो आणि त्या एका शब्दावर मी आजवर नोकरी, संसार आणि सासर असं तिन्ही सांभाळलं आहे. तो शब्द म्हणजे सेट!

मी फर्निचरच्या दुकानात विक्रेता आहे. तिथे सोफासेट विकतो. गिऱ्हाईक सोफ्यावर बसून एकदा का मागे टेकलं, की मी मालकांना डोळ्यानेच खुणावतो, सेट झालं. घरी दही सेट होतं, पाहुणे येणार असले की बायकोचे केस सेट होतात आणि टीव्ही कुरकुरला की मी त्याच्या सेटिंगमध्ये शिरतो, मग तो कायमचा बंद पडतो. समोरच्यांचा मुलगा नोकरीला लागला तेव्हा सेट झाला, लग्नानंतर आणखी सेट झाला आणि आता पोट सुटलंय म्हणजे पूर्णच सेट झाला. एवढी कामं एका शब्दात होत असतील तर बाकीची भाषा शिकायची कशाला?

तर त्या रविवारी बायकोची ताई आणि ताईचे यजमान, म्हणजे माझे साडू, चहाला येणार होते. ताई म्हणजे कडक प्रकरण. आमच्या लग्नात तिने आम्हाला चिनी मातीच्या सहा कपांचा सेट दिला होता आणि तेव्हापासून दर फोनवर ती एकच चौकशी करते, "छोटे, सेट नीट आहे ना?" छोटी म्हणजे माझी बायको. तिच्या हातात काही टिकत नाही, हे ताईने ती लहान असतानाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे बायकोने तो सेट काचेच्या कपाटात असा जपला होता की आम्ही त्यातून एकदाही चहा प्यायलो नव्हतो.

"चौघांनाच चहा करायचाय," ती सकाळी म्हणाली, "पण ट्रेमध्ये सहाच्या सहा कप ठेवणार. तिला मोजू दे. आयुष्यात एकदा तरी तिने म्हणायला हवं, की छोटीने नीट सांभाळलं."

हे ती हसत म्हणाली, पण मला जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं कुणी एका वाक्यासाठी थांबतं का?

"तू निर्धास्त राहा," मी म्हटलं. "सेट मांडायचं काम माझं. माझा धंदाच आहे तो."

"तुम्ही हात लावू नका."

एवढं बोलून ती केस सेट करायला आत गेली आणि मी हात लावला. दुकानात आम्ही सहा खुर्च्या मांडतो तेव्हा सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला करतो, माल उठून दिसतो. तसेच कपांचे कान एका बाजूला करावेत असं माझ्या मनात आलं. पाच कप मुकाट वळले. सहावा वळवला तर कप जागेवरच राहिला आणि कान माझ्या हातात आला. खरं सांगतो, मी जोर लावला नव्हता. नुसतं बोट लावलं होतं.

पण फर्निचरवाला माणूस अशाने हबकत नाही. आमच्या मिस्त्रीकडची चिकटवायची एक ट्यूब माझ्या पिशवीत होती. खुर्चीचा पाय निखळला की तो हीच लावतो आणि जोड सेट होईपर्यंत मी पाय दाबून धरतो. आमच्या दुकानाचा नियमच आहे, हात सुटला की जोड सुटला. मी कानाला ट्यूब लावली, घाई होती म्हणून जरा जास्तच लावली, कान कपाला टेकवला आणि तो सरळ राहावा म्हणून त्यात उजव्या हाताचं बोट घालून दाबून धरला. खुर्चीच्या पायात बोट घालता येत नाही, हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

जोड झकास सेट झाला. बोटही सेट झालं.

मी ओढलं, फिरवलं, फुंकर मारली. काही उपयोग नाही. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

बायको बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, कप हातात घेऊन काय उभे राहिलात? चहा अजून झाला नाही."

"म्हटलं, तयारीत असावं."

ताई आत आली. बसण्याआधी तिने ट्रेकडे पाहिलं. "पाचच?"

"सहावा यांच्या हातात आहे," बायको घाईघाईने म्हणाली.

मी हात उंच करून कप दाखवला. साडूंनी तो पाहिला आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा उतरला.

चहा आला. मी कपाला खालून डाव्या हाताचा आधार देऊन प्यायलो, कारण जोडाचा भरवसा नव्हता. सगळ्यांचे कप ट्रेमध्ये परत गेले. माझा गेला नाही.

"ठेवा ना कप," बायको म्हणाली.

"अजून थोडा घेईन म्हणतो."

थोडा म्हणता म्हणता मी तिसरा कप संपवला. ताई माझ्याकडे तपासून पाहत होती. "छोटे, तू यांना एरवी चहा देत नाहीस का गं?"

मग ताईला आमचा सोफा उघडून त्याचा पलंग कसा होतो ते बघायचं होतं. त्यांना तसाच घ्यायचा होता. गिऱ्हाईक समोरून चालत आल्यावर विक्रेत्याला नाही कसं म्हणता येईल? मी एका हाताने सोफा ओढला, गुडघ्याने ढकलला, दुसऱ्या हातात कप तसाच. पलंग अर्धा उघडला आणि अडकला. ताई म्हणाली, "कप खाली ठेवून बघा की."

"नको. या पद्धतीने कुणालाही जमेल हे दाखवायचंय."

इथवर मी निभावलं होतं. पण पोटातला चहा गप्प बसेना. शेवटी मी उठलो आणि बाथरूमकडे निघालो.

"कप घेऊन?" ताई म्हणाली.

बायकोकडे बघायची हिंमत नव्हती. मी आत जाऊन कडी लावली, आधी महत्त्वाचं काम डाव्या हाताने उरकलं आणि मग बोट नळाखाली धरलं. साबण लावला, तेल लावलं, देवाचं नाव घेतलं. दारावर हळूच टकटक झाली.

"साडू, उघडा," बाहेरून कुजबुज आली. "चिकटलाय ना?"

मी दार किलकिलं केलं. साडू आत घुसले. "कान निघाला म्हणून चिकटवलात. बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या खाली बारीकशी पिवळी रेघ आहे. ती माझी आहे." ते घाम पुसत म्हणाले, "सेट तुम्हाला द्यायच्या आदल्या दिवशी बांधताना हा कान माझ्या हातून निघाला. मी गुपचूप चिकटवला. हिला सांगितलं असतं तर तुमच्या लग्नाला मला आणलं नसतं. आता इकडे आलो की कपाटाकडे बघायलाही भीती वाटते. द्या तो हात."

त्यांनी कप धरला, मी बोट धरलं आणि दोघांनी ओढलं. कप सुटला! साडू जाऊन दारावर आदळले, दार उघडलं आणि आम्ही दोघं बाहेर आलो. कप त्यांच्या हातात, कान माझ्या बोटात अंगठीसारखा.

समोर ताई उभी होती. तिच्या मागे बायको. ताईने कपाकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं आणि बायकोकडे वळली. "छोटे, मी काय म्हणत होते? तुझ्या घरात एक वस्तू..."

बायकोचा चेहरा बघून मी पुढे झालो. "तिचा काही संबंध नाही, ताई," मी म्हटलं. "तिने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी लावला."

"आणि तो आपल्याच घरी तुटलेला होता," साडू एका दमात बोलून मोकळे झाले. "मी चिकटवला होता."

आता आकाश कोसळणार म्हणून आम्ही दोघं भिंतीला टेकलो. पण बोलली बायको. "मग तो माझ्यामुळे नव्हता तुटला?" ती साडूंच्या हातातल्या कपाकडे बघत म्हणाली. "लग्नानंतर कपाटात ठेवायला म्हणून धुतला तर कान हातात आला. मला वाटलं, ताई म्हणते तेच खरं, माझ्या हातात काही टिकतच नाही. मीच चिकटवला. म्हणून तर कुणाला हात लावू देत नव्हते."

म्हणजे तो कान तिघांनी चिकटवला होता. आम्ही तिघांनी ताईकडे पाहिलं. ताई सोफ्याकडे बघत होती. अर्धवट उघडलेल्या पलंगावर ती हळूच टेकली.

"दुकानदाराने तो तसाच विकला होता," ती म्हणाली. "कान हलत होता. बदलून मागायला परत कोण जाणार? मीच चिकटवला आणि बसवून टाकला." मग बायकोकडे वळून, "म्हणून तर विचारायचे गं दर फोनवर, सेट नीट आहे ना."

मग बायकोला हसू फुटलं. ती इतकी हसली की तिचे सेट केलेले केस सुटले. ताईने तो बिनकानाचा कप साडूंच्या हातातून घेतला, पुसला आणि पुढे केला. "ओत यात चहा. मी घेते. आणि बाकीचे रोज वापर. खरंच छान सांभाळलेस तू."

ते एक वाक्य बायको अजून घरभर मिरवते आहे.

मी मात्र कान मिरवतोय. मिस्त्री म्हणाला, ओढू नका, दोन-तीन दिवसांत आपोआप सुटेल. दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाला सोफा दाखवताना त्याचं लक्ष सोफ्यावर कमी आणि माझ्या बोटावर जास्त. शेवटी त्याने विचारलंच, ही अंगठी कुठली म्हणून.

"सासरची आहे," मी म्हटलं. "सहाचा सेट येतो."