धीरजलालभाईंच्या गाडीवरचा ओरखडा

वस्तू विकत घ्यायची ती जपण्यासाठी. वापरायला शेजाऱ्याची असते. राजकोटच्या धीरजलालभाईंनी हे तत्त्व इतक्या निष्ठेने पाळलं, की गाडी घेऊन चार वर्षं झाली तरी सीटांवर, दारांवर, छतातल्या दिव्यावरसुद्धा कारखान्याचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. उन्हाळ्यात पाठ त्याला चिकटून बसे. (त्यामुळे गाडीतून उतरणाऱ्यांचं प्रमाण बसणाऱ्यांपेक्षा नेहमीच किंचित कमी राही.)

धाकटे भाऊ मनहरभाई मात्र उतावळे. एकदा थोरल्यांच्या नव्या फ्रिजच्या पूजेला गेले आणि "मोटाभाई, हे काढायचं विसरलात," म्हणत दारावरचं प्लास्टिक टर्रकन सोलून मोकळे झाले. तेव्हापासून बोलणं बंद. दोन वर्षांनी दिवाळीत बहिणीने मध्ये पडून समेट घडवला आणि हरिद्वारला जाताना थोरल्यांनी गाडीची चावी चक्क मनहरभाईंच्या हातात ठेवली. "सांभाळ हां," एवढंच म्हणाले. मनहरभाईंना भरून आलं.

आठव्या दिवशी गाय आडवी आली. ब्रेक लागला आणि पत्नी रसीलाबेनच्या मांडीवरचा गाठियांचा स्टीलचा डबा समोरच्या डॅशबोर्डच्या काळ्या चकचकीत पट्टीवर आदळला. वीतभर ओरखडा!

"मेलो!" मनहरभाई ओरडले. "आता मोटाभाई थेट माझ्या बाराव्यालाच येणार."

"गाय धड आहे, गाठिया धड आहेत," रसीलाबेन म्हणाल्या. "तुम्हीच तेवढे मोडलात."

घरी येताच सोसायटीत तज्ज्ञांची तातडीची सभा भरली. उपस्थित अकरा, पैकी गाडी असलेले दोन, मतं चौदा. (तिघांच्या बायका खिडकीतून बोलत होत्या.) ठराव क्रमांक एकनुसार खोबरेल लावलं, ओरखडा तुकतुकीत झाला. ठराव दोननुसार टूथपेस्ट घासली. गाडीला पुदिन्याचा वास आला. बुटाच्या पॉलिशचा ठराव रसीलाबेननी डबा उचलून फेटाळला. शेवटी पार्लरवाल्या चंद्रिकाबेन केस वाळवायचं यंत्र घेऊन आल्या.

"गरम वाऱ्याने प्लास्टिक मऊ पडतं नि ओरखडा आपोआप मिटतो, मनहरभाई."

"गिऱ्हाइकांच्या सुरकुत्याही अशाच मिटवतेस काय गं?" रसीलाबेननी विचारलं.

वारा सोडला. ओरखडा मिटला नाही, उलट टम्म फुगला. मनहरभाईंनी घाबरत घाबरत फुगा नखाने उचकटला, तर एक पातळ पारदर्शक थर अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला. तोही कारखान्याचाच! घट्ट बसल्यामुळे चार वर्षांत कुणाच्या लक्षातच आला नव्हता. खालची पट्टी कोरी करकरीत. ओरखडा पट्टीवर कधी नव्हताच.

"वाचलो! अरे, वाचलो!" ते प्लास्टिक झेंड्यासारखं नाचवत मनहरभाई गाडीबाहेर उडी मारून आले, तर समोर गंगाजलाचा कॅन घेऊन धीरजलालभाई उभे.

धीरजलालभाईंनी पट्टी पाहिली नाही. त्यांनी फक्त भावाच्या हातातलं प्लास्टिक पाहिलं.

"पुन्हा सोललंस?"

त्यांनी चावी घेतली, उघड्या पट्टीवर गंगाजल शिंपडलं आणि निघून गेले. त्याला आता तीन वर्षं झाली. पट्टीवर अजून एकही ओरखडा नाही. (तिच्यावर दोन टॉवेल असतात.) राखीला धीरजलालभाई सकाळी बहिणीकडे जातात, मनहरभाई संध्याकाळी.

हसा, खुशाल हसा. फक्त त्याआधी तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरची ती पिशवी काढून दाखवा.

नाही ना धीर होत? बरं, राहू दे. भावाशी शेवटचं कधी बोललात?