विश्रामराव खवले यांचा गोल अहवाल

एका जंगलात वीज आली होती. आभाळातून कडाडत येते ती नव्हे, तारेतून मुकाट्यानं येते ती. जंगलाला वीज कशाला हवी, असं विचारू नका, बाळांनो. येण्याआधी ती तिथं कुणालाच नको होती. आल्यावर मात्र सगळ्यांना कमी पडू लागली.

हरणांनी दिवे लावले. वाघ लांबूनच दिसावा, एवढाच हेतू. मग वाघालाही हरणं लांबून दिसू लागली. माकडांनी झाडोझाडी भोंगे बांधले. वाघमहाराजांनी गुहेत गारव्याचं यंत्र बसवून घेतलं. आणि पक्षिणींनी मिळून एक ऊबघर काढलं. अंडी तिथं नेऊन ठेवायची, विजेच्या उबेवर ती आपोआप उबायची, आणि आयांनी खुशाल हिंडायचं. कोकिळा म्हणाली, "ही कल्पना मला फार पूर्वीच सुचली होती."

वीज येई दोन ठिकाणांहून. नदीकाठच्या वाळूत सुसरबाई दिवसभर ऊन खात पडलेली असे. तिच्या पाठीवर काळ्या चकचकीत सौरपट्ट्या बसवल्या होत्या. ज्याला वीज जास्त हवी असेल तो नदीवर जाऊन म्हणे, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ." ती लाजून आणखी पसरे. दुसरी वीज डोंगरावरच्या पवनचक्क्यांची. त्या घारूताईंच्या. घारूताई वाऱ्यावरच वाढलेल्या, त्यामुळे वारा हा आपला घरचाच माणूस आहे, अशी त्यांची समजूत होती.

एका श्रावणी संध्याकाळी आभाळ गच्च भरलं आणि वारा पडला. झाडाचं पान हलेना. सुसरबाई तर केव्हाच पाण्यात जाऊन झोपली होती. वीज गेली.

महाराज तेव्हा जेवत होते. अंधारात अंदाज चुकला आणि त्यांनी स्वतःच्याच शेपटीचा घास घेतला. महाराजांचे दात अजून शाबूत आहेत, ही गोष्ट त्या संध्याकाळी साऱ्या जंगलाला ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. महाराजांच्या शेपटीला हळदीचा लेप होता.

"हे पुन्हा होता कामा नये," महाराज म्हणाले.

तेवढ्यात उंटशेठ पुढे झाले. ते लांबच्या वाळवंटातून आले होते आणि सभा भरण्याआधीच आले होते. उंटावरचे शहाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण इथे उंट स्वतःच शहाणा होता.

"महाराज," उंटशेठ म्हणाले, "ऊन मावळतं. वारा पडतो. वायू मात्र रात्रंदिवस निघतो."

हत्तीनं मान खाली घातली. त्याला वाटलं, विषय त्याचाच निघाला.

"आमच्या वाळवंटाखाली वायू आहे," उंटशेठ पुढे म्हणाले, आणि हत्तीनं श्वास सोडला. "नळीनं तो इथे आणू. इथे जाळू. त्यावर वीज करू. मोठं केंद्र बांधू. नुसतं राखीव म्हणून. चाललं काय, न चाललं काय."

"न चालणारी वस्तू एवढी मोठी कशाला?" घारूताईंनी विचारलं. "त्यापेक्षा आणखी पवनचक्क्या उभारा."

"नाहीतर आणखी सुसरी आणा," सुसरबाई म्हणाली. "माझ्या माहेरी पुष्कळ आहेत."

मग तिघांचं भांडण जुंपलं. माकडांनी ते भोंग्यांवर लावलं. महाराजांची शेपूट ठणकू लागली. ते म्हणाले, "समिती नेमा. पण समितीत एकच जण हवा. दोन झाले की हे असं होतं."

असा एक जण शोधायचा, की ज्यानं आजवर कशावरही मत दिलेलं नाही. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत मागच्या रांगेत गेल्या. तिथं विश्रामराव खवले बसले होते.

विश्रामराव हे खवले मांजर. नावात मांजर आहे, अंगात नाही. अंगावर खवले, लांब जीभ, आणि मुंग्या खाणं हा एकच नाद. स्वभाव गरीब. कुणी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तरी ते डोकं पोटाशी घेऊन चेंडूसारखे गोल होत. आताही सगळ्यांनी बघितलं आणि विश्रामराव गोल झाले.

"मान हलवली," महाराज म्हणाले. "कबूल आहेत. पुढच्या सभेत अहवाल द्या."

घरी त्यांच्या बिळात काळोख असे. काळोखात विश्रामरावांची जीभ सुटे. तिथं ते छान बोलत.

"अगं, मला विजेतलं काही कळत नाही," ते बायकोला म्हणाले. "आपण काळोखात मुंग्या खाणारे लोक."

"म्हणून तर तुम्हाला नेमलं," अनसूयाबाई म्हणाल्या. "पण केंद्र कुठं बांधायचं म्हणतात, ते ऐकलंत का?"

"कुठं?"

"मुंग्यांच्या माळावर."

माळावर वारुळंच वारुळं होती. त्या माळावर विश्रामरावांचा सगळा संसार चालला होता. केंद्राला नको म्हणावं, तर लोक म्हणणार, हा स्वतःच्या पोटाचं बघतो. हो म्हणावं, तर पोटच राहणार नाही.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

"आधी हिंडून तर बघा," अनसूयाबाई म्हणाल्या. "मग जे खरं वाटेल ते बोला. मुंग्या काय, कुठंही मिळतील." असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्या रात्री त्याही नीट जेवल्या नाहीत.

विश्रामराव हिंडले. उंटशेठनी त्यांना खजूर दिले आणि केंद्राचं चित्र दाखवलं. चित्रात केंद्राच्या धुराड्यावर फुलपाखरं बसली होती. "मग, आपलं मत?" उंटशेठनी डोळ्यांत डोळे घालून विचारलं. विश्रामराव गोल झाले. उंटशेठ खूश होऊन म्हणाले, "गोल. म्हणजे शून्य. म्हणजे शून्य हरकती."

डोंगरावर घारूताईंनी विचारलं, "मग, आपलं मत?" विश्रामराव पुन्हा गोल झाले. "चक्र," घारूताई म्हणाल्या. "पवनचक्कीला पाठिंबा. मला खात्रीच होती." नदीवरही तेच झालं. सुसरबाईनं त्यांच्याकडे डोळे मिचकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगदी सूर्यबिंब."

पण हिंडता हिंडता विश्रामरावांना खरोखरच एक मत झालं होतं. आयुष्यातलं पहिलंच. ते त्यांना जड वाटत होतं, जपावंसंही वाटत होतं. रोज बिळात ते बायकोला म्हणून दाखवत. अनसूयाबाई म्हणत, "सुरेख. आता हेच सभेत म्हणा. कुणाकडे बघू नका. जमिनीकडे बघा."

सभेच्या दिवशी विश्रामराव उभे राहिले. त्यांनी जमिनीकडे बघितलं. "महाराज," ते म्हणाले, "माझ्या मते..."

सगळं जंगल त्यांच्याकडे बघत होतं. त्यांना ते खवल्यांवर जाणवलं. पाठ आपोआप वळली, डोकं पोटात गेलं, आणि सभेच्या मधोमध एक चेंडू उरला.

"स्पष्ट अहवाल आहे," उंटशेठ म्हणाले.

"निःसंदिग्ध," घारूताई म्हणाल्या.

"मला तर भरून आलं," सुसरबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पण सुसरींचं ते नेहमीचंच.

तिघांचंही एकमत झालेलं पाहून महाराजांनी सगळंच मंजूर केलं. पवनचक्क्या मंजूर, सुसरी मंजूर, आणि वायूचं केंद्रही मंजूर. त्यात केंद्र मात्र सगळ्यात आधी झालं, कारण उंटशेठ सामान बरोबरच घेऊन आले होते.

मुंग्यांचा माळ गेला. मुंग्यांनी कुरकुर केली नाही. त्या रांग लावून डोंगरापलीकडे निघून गेल्या. विश्रामरावांना आता रोज जेवायला डोंगर चढून जावं लागे. परत येईपर्यंत पुन्हा भूक लागे.

उद्घाटनाला छान वारा होता. उंटशेठनी बटण दाबलं. केंद्र घरघरलं. फुलपाखरं आली नाहीत, पण टाळ्या झाल्या.

मग पुन्हा एक संध्याकाळ तशीच आली. आभाळ गच्च. वारा ठप्प. जंगलाला आनंद झाला, कारण आता केंद्राची परीक्षा होणार होती. सगळे माळावर जमले. दिवे मिणमिणले आणि गेले.

"चालू करा," महाराजांचा आवाज आला.

"दाबलं बटण," उंटशेठचा आवाज आला.

कुठंच काही घरघरलं नाही.

"मग?"

"महाराज, बटण दाबलं की आधी पंखा फिरतो. पंखा फिरला की वायू पेटतो. वायू पेटला की वीज होते."

"मग पंखा फिरवा."

"पंख्याला वीज लागते."

"ती कुठून येते?"

उंटशेठनी बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "घारूताईंच्या पवनचक्कीवरून," ते म्हणाले.

तेवढ्यात टिटवीला आठवलं. "अंडी," ती म्हणाली. "ऊबघर गार पडत असेल."

एकदम गलका उठला. आया धावल्या आणि झाडांवर आदळल्या. कुणी हत्तीच्या पायात आलं, कुणी हत्तीवरच चढलं. बाळांनो, दिव्यांची सवय लागली की पायाखालची वाटसुद्धा अनोळखी होते. ऊबघर हाकेच्या अंतरावर होतं आणि कुणाला सापडत नव्हतं.

"जागचे हलू नका," एक आवाज म्हणाला.

आवाज खणखणीत होता. कुणालाच तो ओळखीचा वाटला नाही. अनसूयाबाई तेवढ्या दचकल्या, कारण त्या रोज ऐकत होत्या.

"मला वाट ठाऊक आहे. मी वासावर चालतो. माझी शेपटी कुणीतरी धरा, आणि एकानं दुसऱ्याची धरा. महाराज, तुमची दुखरी असेल, तर तुम्ही शेवटी या."

काळोखात विश्रामरावांकडे कुणी बघत नव्हतं. बघत असलं, तरी त्यांना ते दिसत नव्हतं. त्यांची पाठ सरळच्या सरळ होती. शेपटीला शेपटी लागली आणि अख्खं जंगल ऊबघरात पोचलं.

अंडी कोमट होती. अजून वेळ गेली नव्हती.

"समोर येईल त्या अंड्यावर बसा," विश्रामराव म्हणाले. "कुणाचं ते उजेडात बघू."

टिटवी बदकाच्या अंड्यांवर बसली. घारूताईंच्या पोटाखाली रानकोंबडीची अंडी आली, आणि त्यांनी फार सांभाळून पंख पसरले. कोकिळेला बसता येईना. तिला शिकवावं लागलं. अंडी फार आणि आया थोड्या होत्या, म्हणून उंटशेठना लांडोरीच्या अंड्यांना पोट लावून निजवलं, आणि महाराजांच्या पंजांतही चार अंडी दिली.

मग शांत झालं. अंड्यांवर बसलं की दुसरं काही करता येत नाही.

"समितीचं मत काय होतं, ते राहूनच गेलं," कुणीतरी म्हणालं.

आणि विश्रामरावांनी ते सांगितलं. दिवे वर्षातून मोजक्याच संध्याकाळी जातात. त्या संध्याकाळी महाराजांचा गारवा आणि माकडांचे भोंगे बंद ठेवले, तर निम्मी चिंता मिटते. दुपारी सुसरबाईची वीज उरते. तिनं नदीचं पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवून ठेवावं आणि वारा पडला की खाली सोडावं, चाकं फिरतील. एवढ्यानंही भागलं नाही, तर वायूचं एक केंद्र ठेवावं. पण लहान. आणि हातानं चालू होणारं.

कुणी वाद घातला नाही. मांडीखाली अंडी होती.

"खरं सांगू," उंटशेठ हळूच म्हणाले, "एवढं मोठं मलाही नको होतं. पण एवढी लांब नळी आणली, तर शेवटी चिमुकलं काही बांधायला लाज वाटते."

"वारा पडतो," घारूताई म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. त्या दिवशी मीही पायीच हिंडते."

"माहेरच्या सुसरी मला इथे नकोच आहेत," सुसरबाई म्हणाली.

शेवटी महाराज म्हणाले, "मला त्या गारव्यानं थंडी वाजते. पण राजाच्या गुहेत तो असावा लागतो म्हणतात."

तिथं बसून विश्रामरावांना फार बरं वाटत होतं. आपलं मत आता आपल्या एकट्याचं राहिलं नाही, असं त्यांना वाटलं.

पहाटे वारा सुटला. दिवे लागले.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. घारूताई रानकोंबडीच्या अंड्यांवरून उठल्या आणि रानकोंबडीनं अंडी मोजली. महाराजांनी पंजांतली अंडी घाईनं खाली ठेवली. एकही अंडं दगावलं नव्हतं, पण त्याबद्दल बोलायला कुणाला सुचलं नाही.

महाराज खाकरले. "काल अंधारात कुणी काही बोललं का?"

"मला तरी ऐकू आलं नाही," उंटशेठ म्हणाले.

"मी झोपले होते," सुसरबाई म्हणाली.

घारूताई नुसत्याच आभाळाकडे बघत राहिल्या.

"मग हे केंद्र असं बंद पडतं, त्याचं काय करायचं?"

"सोपं आहे, महाराज," उंटशेठ म्हणाले. "पहिल्याचा पंखा फिरवायला दुसरं केंद्र बांधू."

"समितीनं काही ऐकलं का?" महाराजांनी विचारलं, आणि भर उजेडात सगळं जंगल विश्रामरावांकडे वळलं.

विश्रामरावांच्या पाठीचे खवले ताठले. मान आत ओढली जाऊ लागली. त्यांनी ती धरून ठेवली. त्यांनी जमिनीकडे बघितलं नाही. महाराजांकडे बघितलं.

"ऐकलं," ते म्हणाले.

आणि गोल झाले.

"गोल," उंटशेठ म्हणाले. "म्हणजे दुसरं केंद्र." पण या वेळी त्यांचा आवाज जरा बसलेला होता.

दुसरं केंद्र मंजूर झालं. सभा पांगली. अनसूयाबाईंनी नवऱ्याला ढकलत ढकलत घरी नेलं. वाट उताराची होती, ते बरं झालं.

बिळातल्या काळोखात विश्रामराव हळूहळू उलगडले.

"एकच शब्द बोललो," ते म्हणाले.

"मी बघत होते ना तुमच्याकडे," अनसूयाबाई म्हणाल्या. "सगळ्यांसारखीच. तरी बोललात." आणि डोंगरापलीकडून आणलेल्या मुंग्यांतला मोठा वाटा त्यांनी नवऱ्यापुढे सरकवला.

तात्पर्य : बाळांनो, राज्यात दिवे कधीही जाऊ देऊ नयेत. अंधार पडला की लोकांना खरं बोलावंसं वाटतं, उपाय सुचतात, आणि मग एवढी मोठी केंद्रं बांधायला कारणच उरत नाही.