नुसतं ‘हजर’ चालणार नाही

प्रोफेसरांच्या वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायची बंदी होती. नाव पुकारलं की पोरानं उभं राहायचं आणि कवितेची एक ओळ म्हणायची. ओवी, अभंग, श्लोक, लावणीसुद्धा चाले. पण कालचीच ओळ आज म्हटली की संपलं. “शिळी नको, ताजी आण,” म्हणून सरळ गैरहजेरी मांडायचे. एखाद्याच्या तोंडून चुकून ‘हजर सर’ निघालं तर केवढ्यांदा ओरडायचे, “हजर तर गोठ्यातली म्हैसही असते! पुरावा दे, बाबा, पुरावा दे!”

माझा गणिताचा वर्ग शेजारीच, मध्ये फक्त फळ्यांचं पार्टिशन. इकडं मी त्रैराशिक मांडतोय आणि तिकडं पंचेचाळीस पोरं एकेक करून अभंग म्हणतायत. अर्धा तास हजेरीतच जायचा. मी दोनदा हेडमास्तरांकडं तक्रार केली. तिसऱ्यांदा गेलो नाही. तोवर माझी पोरं हिशेब सोडून पलीकडच्या ओळी पुटपुटायला लागली होती आणि खोटं कशाला बोलू, मीही.

ते खरे प्रोफेसर नव्हतेच. आमच्या सोलापुरात तेव्हा कॉलेज कुठलं असायला? पण मॅट्रिकच्या वर्गाला मराठी असं शिकवायचे की गावानंच त्यांना बढती देऊन टाकली. टांगेवालासुद्धा ‘प्रोफेसरसाब’ म्हणायचा. खरं नाव शाळेच्या कारकुनाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. ते वारले तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यातही नाव चुकीचं छापलं. त्या रागानं मी हे लिहायला बसलोय.

माणूस पक्का अडेलतट्टू. सारं गाव गिरणीच्या भोंग्यावर उठायचं नि जेवायचं. यांचं भोंग्याशी हाडवैर. कविता चालू असताना भोंगा झाला तर थांबायचे नाहीत, उलट आवाज चढवायचे. शेवटी भोंगा गप्प व्हायचा, हे चालूच. मग उपरण्यानं घाम पुसत म्हणायचे, “दमला बिचारा!” घरी एकटेच. जेवण खानावळीत, तिथं शेंगाचटणीच्या तिखटावरून वाढप्याशी रोजचं भांडण. मला ‘त्रैराशिक’ म्हणायचे. “काय त्रैराशिक, तुमच्या हौदाची गळती थांबली का?” मला राग यायचा. आता ती हाक ऐकायला मिळत नाही याचा जास्त येतो.

त्यांच्या वर्गात नरसय्या नावाचा विणकराचा मुलगा होता. घरी तेलुगू, बाहेर मराठी. एके दिवशी त्याच्याकडच्या मराठी ओळी संपल्या. तो हळूच म्हणाला, “रा रा कन्ना, पोद्दु पोयिंदि.”

एक अख्खा बाक फिदीफिदी हसला.

“कुणाची ही?” प्रोफेसरांनी विचारलं.

“आईची, सर. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना म्हणती की ती.”

“अर्थ?”

पोरगं लाजलं. “तेवढं नको की, सर.”

“बरं, नको. चाल अस्सल आहे. हजर!” आणि हसणाऱ्या साऱ्या बाकाची गैरहजेरी मांडली.

तीस साली गावात मार्शल लॉ आला. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी माणूस उचलून नेत. नरसय्यानं टोपी काढली नाही. त्याला तुरुंगात घातलं. जूनमध्ये शाळा भरली आणि हेडमास्तरांनी फर्मान काढलं, तुरुंगात गेलेल्या मुलांची नावं हजेरीपटावरून कमी करा. आम्ही सगळ्या मास्तरांनी माना डोलावल्या. माझीही मान त्यात होती, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पार्टिशनपलीकडून आवाज आला, “नरसय्या राजय्या!” मग प्रोफेसरांच्याच आवाजात, मोडक्यातोडक्या उच्चारात, एक तेलुगू ओळ. “हजर,” ते स्वतःच म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं. मग हे रोजच सुरू झालं, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे रोज ओळ नवी.

हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. मी तिथंच होतो.

“पोरगा तुरुंगात, आणि तुम्ही त्याची हजेरी लावता?”

“पुरावा देतोय की रोज.”

“अहो, ग्रँट बंद होईल शाळेची!”

“होऊ दे. त्या ग्रँटमधून आजवर एक तरी कवी निघालाय का?”

“नोकरी जाईल तुमची! दोन वर्षं उरलीत. म्हातारपणी खाल काय?”

“शेंगाचटणी,” म्हणाले आणि छत्री उचलून चालते झाले.

मला मात्र एकच कोडं पडलं होतं. हा माणूस रोज नवी तेलुगू ओळ आणतो कुठून? एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांच्या मागं मागं गेलो. साखर पेठेत एका दारात नरसय्याची आई रहाटावर कांड्या भरत होती आणि समोर पाटावर आमचे प्रोफेसर, मांडीवर वही घेऊन! ती एक ओळ म्हणे, हे ओळीची वाट लावून परत म्हणत. बाई तोंडाला पदर लावून हसत होती. “तसं न्हाई, मास्तर. पुन्यांदा म्हना की.” आणि छप्पन्न वर्षांचा तो माणूस निमूटपणे पुन्हा म्हणत होता.

परत येताना मी चिडून म्हणालो, “अहो, एवढ्यासाठी नोकरी घालवणार तुम्ही?”

“त्रैराशिक, ती बाई मला एक ओळ देते. मी तिला एवढंच सांगतो, आज पोराचं नाव घेतलं. तेवढ्यावर तिला दोन घास जातात.” त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “माझी थोरली बहीण मला नावानं हाक मारायची. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझं नाव कुणी घेतलेलं नाही. फार वाईट असतं हो ते. छट्! चला, खानावळ बंद होईल.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “त्या पहिल्या ओळीचा अर्थ काय हो?”

“‘ये रे बाळा, दिवस मावळला.’ लाजला होता गाढव.”

श्रावणात हेडमास्तरांची चिठ्ठी आली: त्या मुलाचं नाव कमी करा, नाहीतर शाळा सोडा. प्रोफेसरांनी तिच्याच पाठीवर लिहिलं, ‘त्याचं होणार नाही. माझं करा.’ आणि खरंच गेले.

दुसऱ्या दिवशी तो वर्ग माझ्या गळ्यात पडला. वर्गावर जाण्याआधी मी कारकुनाला गाठून एक गोष्ट विचारून घेतली. हजेरीपटात नरसय्याच्या नावावर तांबड्या शाईची रेघ होती. पोरं माझ्याकडं टक लावून बघत होती. डोलवायची तेवढी मान डोलवून झाली होती. मी पुकारलं, “नरसय्या राजय्या!”

पूर्वी हसलेल्या बाकावरचा एक जण उठला. “रा रा कन्ना, पोद्दु पोयिंदि.”

“हजर,” मी म्हणालो. मग यादीच्या तळाशी मीच पेन्सिलीनं लिहिलेलं नाव वाचलं. “विश्वनाथ नारायण!”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. “हा कोण, सर?”

“तुमचे प्रोफेसर,” मी म्हणालो.

सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि तीच ओळ म्हणायला लागला. मध्येच दुपारचा भोंगा झाला. एकही पोरगं थांबलं नाही.

संध्याकाळी मी साखर पेठेत गेलो. बाई कांड्या भरत होती आणि प्रोफेसर पाटावर बसले होते. दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

“घेतलं,” मी म्हणालो. “दोघांचंही नाव घेतलं.”